पळायला सुरुवात : नऊ आठवड्यांचे वेळापत्रक

पळण्याची सवय नसलेल्यांसाठी सर्वाधिक प्रचलित वेळापत्रक म्हणजे ‘काउच टू फाइव्ह-के’, म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटरपर्यंत. जॉश क्लार्क यांनी ते १९९६मध्ये तयार केले. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने त्यावर मोफत अ‍ॅपही काढले. पळायचे आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झपाझप चालून अंग गरम करायचे, मग ६० सेकंद पळणे आणि ९० सेकंद चालणे, असे आलटूनपालटून २० मिनिटे. पाचव्या आठवड्याच्या शेवटी सलग २० मिनिटे, तर नवव्यात अर्धा तास. तेवढ्यात ५ किलोमीटर होतीलच असे नाही, आणि न झाल्याने काही बिघडतही नाही.

वेग इतकाच असावा की पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. बहुतेक नवशिके नेमके इथेच चुकतात. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडे व स्नायुबंध मात्र सावकाश बळकट होतात. दम पुरतो म्हणून अंतर एकदम वाढवले की नडगी ठणकू लागते. हाडावर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर पळणे थांबवून अस्थितज्ज्ञांना दाखवावे.

खर्च करायचाच तर मापाच्या बुटांवर. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.