बाळंतपणानंतरचा बीपी: कोणती गोळी, कुणासाठी आणि किती दिवस?

बाळ झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. कानात अजान, नाव ठेवणं, सातव्या दिवशी अकीका, पाहुण्यांची ये-जा. आईच्या बाबतीत मात्र आपण एक गोष्ट धरून चालतो: गरोदरपणात वाढलेला बीपी बाळंतपणाबरोबर गेला. हे अर्धंच खरं आहे. या आजाराचं मूळ वारेत असतं, त्यामुळे वार पडल्यावर तो ओसरायला लागतो. पण ओसरण्याआधी बीपी पुष्कळदा आणखी चढतो, आणि सर्वांत जास्त चढतो तो साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी या दिवसांत पुन्हा रक्तात येतं, हे त्याचं एक कारण. गरोदरपणात बीपी ठीक असलेल्या काही बायकांनाही हा त्रास पहिल्यांदा बाळंतपणानंतरच होतो.

साध्या बाळंतपणात सरकारी दवाखान्यातून साधारण ४८ तासांनी सुट्टी होते. म्हणजे बीपी चढण्याचे दिवस घरी येतात, आणि अकीक्याची गर्दीही त्याच आठवड्यात. डोकं दुखलं तर आपण म्हणतो जागरण झालं, हवा लागली, नजर लागली. गोसीखुर्द धरणाच्या आसपासच्या गावांतून आणि पुनर्वसन वस्त्यांतून आधी पवनी, मग भंडारा, आणि फारच झालं तर नागपूर असा आपला दवाखान्याचा रस्ता. एवढं अंतर असताना घरातल्या गोळीची माहिती घरच्यांना असायलाच हवी.

नागपुरात झालेली तुलना

बीपीच्या तोंडी गोळ्यांची एक मोठी तुलना आपल्या शेजारीच झाली आहे. नागपूरचं ‘मेडिकल’ आणि डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, या दोन ठिकाणी २०१५ ते २०१७ या काळात ८९४ गरोदर बायकांवर हा अभ्यास झाला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. या सगळ्यांना सात महिने पूर्ण होत आले होते किंवा झाले होते, आणि बीपी धोक्याच्या पातळीवर होता: वरचा आकडा १६० किंवा जास्त, नाहीतर खालचा ११० किंवा जास्त. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून कुणाला निफेडिपिन, कुणाला लॅबेटालॉल, तर कुणाला मिथिलडोपा दिली गेली.

सहा तासांत, काही अपाय न होता, बीपी ताब्यात आला का, हे पाहिलं. निफेडिपिनच्या गटात १०० पैकी ८४ जणींचा आला, लॅबेटालॉलच्या गटात ७७, मिथिलडोपाच्या गटात ७६. निफेडिपिन थोडी पुढे राहिली, पण काम तिन्ही गोळ्यांनी केलं.

हा अभ्यास बाळंतपणाआधीच्या बीपीचा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा बाळंतिणीला लावता येत नाही. तरी आपल्यासाठी त्यात एक मोठी गोष्ट आहे. इंजेक्शन किंवा सलाईन लावलं म्हणजे इलाज झाला आणि गोळी दिली म्हणजे टाळलं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. साधी, स्वस्त गोळीसुद्धा वेळेवर घेतली तर धोक्याचा बीपी खाली आणते, हे नागपूरच्या सरकारी दवाखान्यांतच दिसलं.

बाळंतपणानंतर दिल्या जाणाऱ्या गोळ्या

निफेडिपिन. रक्तवाहिन्या सैल करते. हळूहळू विरघळणारी गोळी दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायची असते. ती चावायची नाही, कुटायची नाही, जिभेखाली ठेवायची नाही, कारण बीपी एकदम कोसळू शकतो. चेहरा तापणं, डोकं दुखणं, घोट्याला सूज हे तिचे त्रास. पण डोकं दुखणं हे वाढलेल्या बीपीचंही लक्षण आहे. म्हणून ‘गोळीमुळेच दुखतंय’ असं स्वतःच ठरवू नये. आधी बीपी मोजावा.

अॅम्लोडिपिन. निफेडिपिनचीच बहीण. दिवसातून एकच गोळी, त्यामुळे विसरायला कमी होतं. मात्र तिचा पूर्ण असर यायला काही दिवस लागतात. बीपी तातडीने उतरवायचा असेल तर ती कामाची नाही.

लॅबेटालॉल. रक्तवाहिन्याही सैल करते आणि हृदयाची धावपळही कमी करते. सहसा दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावी लागते, आणि रात्रंदिवस बाळ सांभाळणाऱ्या आईची मधली गोळी सहज चुकते. दमा असलेल्या बाईला ही गोळी चालत नाही. लहानपणी दम लागायचा, पंप घ्यायची, एवढंही आठवत असेल तर डॉक्टरांना सांगावं.

एनालाप्रिल. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर ही पसंत करू शकतात. हिच्यासोबत रक्ताची तपासणी करावी लागते, काहींना कोरडा खोकला येतो. महत्त्वाचं म्हणजे पुढच्या गरोदरपणात ही गोळी बाळाला घातक आहे. म्हणून ती सुरू असताना दिवस राहू नयेत याची नवरा-बायको दोघांनी काळजी घ्यावी, आणि पाळी चुकली तर लगेच दाखवावं.

मिथिलडोपा. गरोदरपणात अनेक दशकं वापरली गेलेली, भरवशाची गोळी. पण तिच्याने सुस्ती येते, मन उदास होऊ शकतं. बाळंतपणानंतर मन आधीच हळवं असतं, म्हणून ब्रिटनची मार्गदर्शक सूचना अशी आहे, की बाळंतपणानंतर दोन दिवसांत ती थांबवून दुसरी सुरू करावी. गरोदरपणातलीच गोळी चालू असेल तर ‘हीच पुढे घ्यायची का?’ असं विचारायला संकोच करू नका.

दुधाचं काय?

गोळी सुटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. नानी म्हणते, औषध दुधातून बाळाला जाईल, आणि सून किंवा लेक मुकाट्याने गोळी बंद करते. वर सांगितलेल्या पाचही गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आयांना दिल्या जातात, दुधात त्यांचा फार थोडा अंश उतरतो. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, म्हणजे गोळी तशी निवडता येते. बाळ नीट पीत नसेल, फार सुस्त वाटत असेल तर दाखवावं. पण स्वतःच्या मनाने ना दूध बंद करावं ना गोळी.

चाळीस दिवस आणि रोजे

निफासचे दिवस नमाज आणि रोज्याशी संबंधित आहेत, दवाखान्याशी नाही. बाळंतिणीने तपासणीसाठी बाहेर पडू नये असं शरियत कुठेही सांगत नाही. ती आपली रीत आहे, आणि जिवापुढे रीत बाजूला ठेवावी लागते. निफासमध्ये रोजा नसतोच. त्यानंतर रमजान आला तर स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असलेल्या, दूध पाजणाऱ्या आईला रोजे पुढे ढकलून नंतर कजा करण्याची सवलत आहे. रोजे ठेवायचेच असतील तर आधी डॉक्टरांना भेटावं, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बसते का ते विचारावं. सहेरीला दोन गोळ्या एकदम घेणं हा उपाय नाही.

सुट्टीच्या वेळी विचारायचे चार प्रश्न

गोळीचं नाव काय आणि किती वाजता घ्यायची? बीपी पुन्हा कधी आणि कुठे मोजायचा? किती आकडा आला तर परत यायचं? गोळी कोण बंद करणार?

उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या. आपल्या घरांत मोठ्या बाया पुष्कळदा उर्दू वाचतात आणि दवाखान्याचा कागद इंग्रजीत असतो. म्हणून गोळीच्या पाकिटावर सुबह, शाम असं उर्दूत किंवा मराठीत लिहून ठेवावं.

आशाताई तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी, पुढे बेचाळीसाव्या दिवसापर्यंत बाळाला पाहायला घरी येतात. त्यांना आईच्या बीपीबद्दल सांगा आणि उपकेंद्रात मोजून घ्या. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आईला बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत औषधं मोफत आहेत. बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा कपड्यावर नाही तर उघड्या दंडावर. अंगदुखीसाठी मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत, त्यातल्या काही बीपी वाढवतात.

बहुतेक जणींचा बीपी सहा ते बारा आठवड्यांत पूर्ववत होतो आणि डॉक्टर गोळी हळूहळू कमी करतात. तीन महिन्यांनंतरही तो चढाच राहिला तर तो कायमचा बीपी समजून इलाज करावा लागतो. आणि गरोदरपणात ज्यांना बीपीचा हा आजार झाला, त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून वर्षातून एकदा तरी बीपी मोजावा, आणि पुढच्या वेळी दिवस राहताच डॉक्टरांना ही हकीकत सांगावी.

थांबायचं नाही अशी लक्षणं

न थांबणारं डोकेदुखीचं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, उजव्या बरगडीखाली दुखणं, दम लागणं, एकाएकी वाढलेली सूज, बरळणं, झटका, किंवा बीपी १६०/११० च्या वर. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा आणि बाई नुकतीच बाळंत झाली आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. दुआ रस्त्यातही करता येते. झटका बाळंतपणानंतर कित्येक दिवसांनीही येऊ शकतो.

पाच गोळ्यांपैकी कोणती, हे डॉक्टर आईची तब्येत पाहून ठरवतील. ती रोज वेळेवर पोटात जाते की नाही, हे पाहणं मात्र घरच्यांचं काम आहे.