उसाचे बिल आणि पोराची वही



गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्या ओळखीचे एक सभासद शेतकी ऑफिसात भेटले. ऊस चांगला होता, पण चेहरा उतरलेला. थोरलं पोरगं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकायला गेलेलं. जाताना यांनी एकदम चाळीस हजार हातात ठेवले अन् म्हणाले, "बिल येईस्तोवर पुरव." दिवाळीला पोरगं घरी आलं ते वाळून. आईनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पैसे भाद्रपदातच संपले होते. तेव्हापासून ते एका वेळच्या डब्यावर दिवस काढत होतं. वर मोबाईलवरून पाच हजारांचं कर्ज उचललेलं, आणि त्याच्या वसुलीचे फोन रात्री-अपरात्री येत होते. "अण्णा, तोड अजून लागली नव्हती, मागू कसं?" एवढंच ते बोललं.

पोरगं उधळं नव्हतं. चुकला तो हिशेब, आणि तो घरानेच चुकवला होता.

आपल्याला पैसा वर्षातून एक-दोनदा मिळतो, पण खानावळवाला दर महिन्याला मागतो. कॉलेजचे प्रवेश पावसाळ्यात असतात आणि बिल हिवाळ्यात येते. हा मेळ आपणच घालायचा आहे, आणि तो आपल्याला जमतोही. सगळे खत कोणी लागणीलाच टाकत नाही. लागणीला, बाळबांधणीला, मोठ्या बांधणीला असे हप्ते पाडतो. पोराच्या पैशाचेही तसेच करावे.

पोरगं बारावीला असेल त्याच हंगामाच्या बिलातून पहिल्या वर्षाची रक्कम वेगळ्या खात्यात काढून ठेवावी. तिचे दोन भाग करावेत. फी, वसतिगृहाची अनामत, पुस्तके, गादी हा वर्षाचा खर्च एकीकडे. जेवण, खोलीभाडे, एसटी, मोबाईल, झेरॉक्स हा महिन्याचा दुसरीकडे. समजा महिन्याला सहा हजार लागतात, तर दहा महिन्यांचे साठ हजार झाले. ते दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाठवावेत. ठरल्याप्रमाणे पैसे आले, की पोराला मागायची लाज वाटत नाही आणि उधळायची सवयही लागत नाही.

पोराने वही ठेवावी. मोबाईलने पैसे देताना नोट हातातून जात नाही, म्हणून गेलेला पैसा जाणवत नाही. रात्री झोपताना चार ओळी लिहिल्या, की चहा-वड्यावर किती गेले ते दिसते.

फीसाठी सरकारी सवलती आहेत. 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी 2024-25 पासून पूर्ण माफ झाली आहे. त्यालाही उत्पन्नाची हीच अट आहे. तेव्हा उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढावा आणि बँक खाते आधारला जोडून घ्यावे. मात्र ही रक्कम उशिरा जमा होते. तिच्या भरवशावर खानावळ लावू नये.

पीक कर्ज फीला लावायचा मोह होतो, तो टाळावा. ते वेळेत फिटले नाही, तर व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या लागणीला हात आखडतो. शिक्षणाला शैक्षणिक कर्ज काढावे. 4 लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही; आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज आधीपासून चढते, हे ध्यानात ठेवावे. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या वाटेला तर जाऊच नये.

शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, पुढे इतर समाजांसाठीही काढली. फी भरली तरी राहण्या-जेवण्यापायी खेड्यातलं पोर माघारी फिरतं, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊरावांनी पोरांना कष्ट करून शिकायला लावले. आजही कितीतरी ठिकाणी 'कमवा आणि शिका' योजना चालते. तिथे काम करण्यात कमीपणा कसला? आपण फडात राबतोच की.

आता ते सभासद दर महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवतात आणि पोरगं सुट्टीला आलं की वही पुढे ठेवतं. पहिल्यांदा वही बघून अण्णांनी एकच विचारलं, "जेवणाचा आकडा एवढा कमी का?" आणि पुढच्या महिन्यापासून पाचशे वाढवले.

या हंगामात आपल्या घरी बारावीचं पोर असेल, तर बिल जमा होईल त्या दिवशी त्याला शेजारी बसवा. बिल किती आले, देणी किती, उरले किती, ते त्याच्यापुढे मांडा. घरची ओढाताण ठाऊक असलेलं पोर पैसा जपून वापरतं आणि अडलं तर घरीच सांगतं.