ज्या वगळून ग्रहगणित

चंद्र सूर्यापेक्षा १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. पण त्याची चाल सारखी नाही. पृथ्वीजवळ असताना तो दिवसाला १५ अंश धावतो, दूर गेला की १२च्या आसपास रेंगाळतो. म्हणून एखादी तिथी २० तासांत उरकते, एखादी २६ तास ताणते.

हे किचकट गणित कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२च्या (इ. स. १५२०) ‘ग्रहलाघवा’त भलतंच सोपं केलं. ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) चक्क काढून टाकल्या, उरले साधे गुणाकार-भागाकार. आरंभापासून मोजायच्या दिवसांचे आकडे फुगू नयेत म्हणून ४०१६ दिवसांचं, सुमारे ११ वर्षांचं, चक्र धरलं. किती चक्रं झाली नि वर किती दिवस उरले, एवढ्यावर ग्रह मांडायचा. गतींतली बारीक चूक शतकागणिक साचत गेली खरी, पण गावोगावचे जोशी पिढ्यान् पिढ्या पंचांगं यावरूनच करत राहिले.