एक्सएमएल दस्तऐवजातील गुणधर्मांचे मार्ग

शब्दकोश संगणकावर ठेवावयाचा म्हणजे त्याचा मजकूर केवळ टंकित करून भागत नाही. शीर्षशब्द कोणता, अर्थ कोणता, व्याकरणविषयक माहिती कोणती, हेही यंत्रास कळेल अशा रीतीने नोंदवावे लागते. १९९८ साली प्रमाणित झालेली एक्सएमएल ही खूणपद्धती याकामी उपयोगी पडते. तीत घटकांच्या पोटी उपघटक असतात व घटकाच्या आरंभखुणेत त्याचे गुणधर्म लिहिलेले असतात.

‘वेळ’ हा शब्द घ्या. ‘जायला वेळ लागला’ येथे तो पुल्लिंगी, तर ‘जाण्याची वेळ झाली’ येथे स्त्रीलिंगी आहे. म्हणून त्याच्या नोंदीत दोन ‘अर्थ’ घटक करून प्रत्येकास ‘लिंग’ हा गुणधर्म जोडला, असे समजू. आता कोशातील सर्व लिंगे नुसती गोळा केली, तर ‘पु.’ आणि ‘स्त्री.’ ही मूल्ये हाती येतील. परंतु कोणते लिंग कोणत्या अर्थाचे, हे हरवेल. मूल्याबरोबर त्याचा मार्ग हवा, तो यासाठीच. एक्सपाथ या संकेतानुसार तो असा लिहितात:

/कोश/नोंद[7]/अर्थ[2]/@लिंग

म्हणजे सातव्या नोंदीतील दुसऱ्या अर्थाचे लिंग. घटकांची नावे देवनागरीत चालतात. कंसांतील आकडे मात्र इंग्रजीच लागतात.

मार्ग काढण्याची रीत सोपी आहे. मूळ घटकापासून आरंभ करावा. हाती असलेल्या मार्गास प्रत्येक गुणधर्माचे नाव जोडून ते मूल्यासह लिहावे. नंतर एकेका उपघटकाचे नाव व समान नावाच्या भावंडांतील त्याचा क्रमांक मार्गास जोडून हीच कृती पुन्हा करावी. पायथन भाषेतील एलिमेंटट्री या साधनात घटकास स्वतःचा पालक ठाऊक नसतो. म्हणून खाली उतरतानाच मार्ग बरोबर न्यावा लागतो.

क्रमांक वगळल्यास मार्गाचा नमुना उरतो. अशा नमुन्यांची यादी केल्यास संपादनातील विसंगती उघड होते. तीत ‘/कोश/नोंद/अर्थ/@लिंग’ याबरोबरच ‘/कोश/नोंद/@लिंग’ हाही आढळला, तर लिंग दोन ठिकाणी नोंदविले गेले आहे; अशा स्थितीत एकाच नमुन्यावरून केलेली गणती चुकणार. सबब गणतीपूर्वी यादी पाहावी, आणि विशिष्ट मूल्याचा दाखला देताना मात्र सक्रमांक मार्गच द्यावा. नवी नोंद मध्ये घातल्यास हे क्रमांक सरकतात, एवढे ध्यानी असावे.