दोरा नंतर, आधी आखणी

मागच्या भागात मी आकडे भराभर बोलून टाकले आणि ट्रेनमधे ऐकणाऱ्यांचे मेसेज आले, "भावा, लिहून दे ना." तर हे घ्या, लिहून दिलं. विषय तोच: मासे पकडायच्या रॉडवर, मुठीच्या जरा वर, जी रंगीत दोऱ्याची नक्षी असते ती सरळ कशी आणायची.

आधी पार्श्वभूमी. मी करी रोडला राहतो, दिवसा कोड लिहितो. माझे मामा सुट्टीच्या दिवशी पहाटे रॉड घेऊन खडकांवर जाऊन बसतात. गळाला जिताडा लागावा हे त्यांचं एकमेव स्वप्न. त्यांच्या जुन्या रॉडच्या रिंगा सुटल्या, म्हणून मी ठरवलं की कोरा ब्लँक आणून आपणच रॉड बांधायचा. रिंगा बसवल्या, जमलं. मग हौस आली नक्षीची. शंकरपाळ्यांची एक रांग, लाल आणि सोनेरी. तीन रात्री घालवून गुंडाळलं आणि चौथ्या रात्री सगळा दोरा सोडवला. शंकरपाळ्या मुठीपाशी सरळ होत्या, वर जाता जाता दारू प्यायल्यासारख्या एका बाजूला कलल्या होत्या.

दोरा चांगला होता, हातही बरा होता. गडबड पेन्सिलच्या खुणांमधे होती.

लालबाग-परळच्या गणपतीच्या कार्यशाळांत मूर्तीचे डोळे काढण्याच्या कामाला आखणी म्हणतात. रांगोळीतही आधी ठिपके, मग रेघा. ठिपका चुकला की पुढे कितीही छान रेघ ओढा, उपयोग नाही. इथेही तेच आहे, फरक एवढाच की ठिपके एका गोल आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या नळीवर काढायचे आहेत.

तर पहिली गोष्ट, रेघा. रिंगा ज्या सरळ ओळीत बसतात ती ओळ आधी पक्की करा. स्पिनिंग रील वापरत असाल तर रिंगा खालच्या बाजूला येतात, म्हणजे नक्षी दिसायला हवी वरून, बरोबर विरुद्ध बाजूला. ती आपली 0 अंशाची रेघ. तिच्या मागे 180, आणि दोन्ही कुशींना 90 आणि 270.

हे चार भाग पट्टीने मोजायला जाऊ नका. माझ्या ब्लँकचा घेर मुठीपाशी 44 मिलिमीटर आहे, म्हणजे 1 मिलिमीटर चुकलात की 8 अंशांहून जास्त चुकलात. त्यापेक्षा कागदाची बारीक पट्टी ब्लँकभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक येऊन मिळतं तिथे पेन्सिलची खूण करा, पट्टी काढा, टेबलावर कापा. मग दोनदा घडी घाला. तीन घड्या आणि दोन टोकं, झाले चार भाग. गणित नाही, काही नाही. पट्टी परत गुंडाळून खुणा ब्लँकवर उतरवायच्या.

टेबलावर कापा असं मी मुद्दाम म्हणालो. पट्टी ब्लँकवर असतानाच ब्लेड फिरवायचा मोह होतो. कार्बनच्या ब्लँकवर ब्लेडचा ओरखडा उठला की मोठा मासा ओढत असताना रॉड नेमका तिथेच मोडू शकतो. मामांचा जिताडा माझ्या ब्लेडमुळे सुटला असता तर मला त्या घरात चहा मिळाला नसता.

नक्षी जिथे संपणार तिथेही हाच उद्योग, पण नवी पट्टी घेऊन. कारण वर घेर कमी होतो. माझ्याकडे 25 सेंटिमीटर वर तो 39 भरला. मग खालच्या 0 पासून वरच्या 0 पर्यंत एक दोरा ताणून धरायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. बाकीच्या तिघींचंही तसंच.

आता आडव्या खुणा, आणि माझी खरी चूक इथे होती.

दोरा 0 च्या रेघेवरून निघतो, फिरत फिरत मागे 180 वर जातो आणि परत 0 वर येतो. दुसरा दोरा उलट्या दिशेने तसाच. दोघे एकमेकांना 0 वर आणि 180 वर छेदतात, आणि त्या छेदाभोवती दोरे वाढवत नेले की शंकरपाळी तयार होते. एका पूर्ण फेऱ्यात दोरा जेवढा वर सरकतो तेवढंच घेराचं माप असेल तर दोरे काटकोनात छेदतात आणि शंकरपाळी चारी बाजूंनी सारखी येते. अंतर वाढवलं की ती लांबुडकी होते. म्हणून अंतर सगळीकडे एकच ठेवलंत तर वर घेर कमी झाल्यामुळे वरच्या शंकरपाळ्या आपोआप लांबट दिसतात.

मी अंतर घेराबरोबर कमी केलं: 44, 43, 42, 41, 40, 39. पण पहिल्या वेळी प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून मोजली. पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड. दर वेळी तेवढं जास्त गेलं की सहाव्या खुणेपर्यंत 3 मिलिमीटर. त्यात 180 ची बाजू वेगळी मोजली, तिची चूक तिच्या मर्जीने. पुढची बाजू एकीकडे, मागची दुसरीकडे, आणि शंकरपाळी मधे लटकली. ऑफिसमधे लूपमधे अपूर्णांकांची बेरीज करत गेलं की काय होतं हे मी ज्युनियर मुलांना समजावतो. घरी येऊन तेच केलं.

दुसऱ्या वेळी स्टीलची पट्टी टेपने ब्लँकला चिकटवली, एकदाच, आणि सगळं एकाच शून्यापासून मोजलं. 0 च्या रेघेवर 44, 87, 129, 170, 210, 249. मागे 180 वर त्यांचे मध्य: 22, 65.5, 108, 149.5, 190, 229.5. मधे पट्टी हलवायची नाही, मागच्या खुणा कागदाची पट्टी आडवी गुंडाळून पलीकडे न्यायच्या.

खुणेसाठी चायना मार्कर, म्हणजे मेणाची पेन्सिल. काळ्या ब्लँकवर पांढरी. परमनंट मार्कर नको, फिकट दोऱ्याखालून तो दिसतो. बॉलपेन तर नकोच, दाबून लिहायची आपली सवय जात नाही. उघड्या राहिलेल्या खुणा इपॉक्सी लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, मात्र दोऱ्याला फार भिजवू नका.

आणि लगेच रंगात शिरू नका. आधी नुसते दोन दोरे, एक सुलटा एक उलटा, गुंडाळून बघा. टोकांना दुहेरी टेप लावली की ते जागेवर राहतात. छेद खुणांवर बसले का बघा, मग रॉड कुशीवर वळवा. 90 आणि 270 वर दोरे समान अंतराने जायला हवेत. एक गाळा रुंद, एक अरुंद दिसला तर मागची खूण सरकली आहे. या वेळी दोन दोरे सोडवायला दोन मिनिटं लागतात. दोनशे दोऱ्यांनंतर काय होतं ते वर सांगितलंच.

एक गंमत. जुन्या काळी रॉड बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून बनायचे. तेव्हाच्या गोंदाचा भरवसा नसायचा, म्हणून रॉडवर थोड्या थोड्या अंतराने रेशमी दोरा गुंडाळत. आज रिंगा सोडल्या तर दोऱ्याला तसं काम फारसं उरलेलं नाही.

मामांनी रॉड हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "रिंगा नीट बसल्यात ना?" नक्षीबद्दल एक शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्टेटसला फोटो होता, फक्त शंकरपाळ्यांचा.

पुढच्या भागात इपॉक्सी आणि त्यातले बुडबुडे.