न दिलेल्या मतांचा हिशोब

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी टक्केवारी जाहीर झाली की अंदाजांना ऊत येतो. टक्का वाढला, म्हणजे लोक चिडलेत, सरकार जाणार. टक्का घसरला, म्हणजे सत्ताधाऱ्यांना अभय. आजवरच्या लोकसभा निवडणुका नजरेखालून घातल्या तर हा ठोकताळा टिकत नाही. 1984 मध्ये सुमारे 64 टक्के मतदान झालं आणि राजीव गांधींच्या काँग्रेसने 400 चा आकडा पार केला. 1989 मध्ये 62 टक्के झालं आणि तोच पक्ष सत्तेबाहेर गेला. 2004 आणि 2009 ची जोडी तर आणखी बोलकी. दोन्ही वेळा मतदान 58 टक्क्यांच्या आसपास. पहिल्या खेपेला वाजपेयी सरकार गेलं, दुसऱ्या खेपेला मनमोहन सिंग जास्त जागा घेऊन परत आले. 2014 मध्ये 66 टक्क्यांत सत्ता बदलली, 2019 मध्ये 67 टक्क्यांत टिकली. किती जण आले नाहीत, यावरून निकालाचा अंदाज बांधता येत नाही. कोण आले नाहीत हे पाहिलं, तर मात्र बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

पहिल्या निवडणुकीपासून पाहू. 1951-52 च्या मतदार यादीत 17 कोटींहून अधिक नावं होती आणि त्यातले निम्म्याहून कमी लोक मतदानाला आले. पण काही जणींना येण्या-न येण्याचा प्रश्नच पडला नाही. यादी करणारे दारात आले तेव्हा, विशेषतः उत्तरेत, कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. नोंद झाली ती ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची बायको’ अशी. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं, आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. सेन यांचा आग्रह पुढच्या दृष्टीने योग्यच होता; पुढच्या याद्यांत बायका स्वतःच्या नावाने आल्या. तरी 1962 मध्येही पुरुषांचं मतदान 63 टक्के आणि स्त्रियांचं 47 च्या आत होतं. ही दरी बुजायला 2019 उजाडावं लागलं. त्या वर्षी स्त्रियांनी पुरुषांना किंचित मागे टाकलं.

याचा परिणाम निकालाआधी जाहीरनाम्यांत दिसला. स्त्रिया रांगेत कमी होत्या तोवर त्यांच्यासाठी भाषणात एखादं वाक्य पुरत असे. त्या बरोबरीने येऊ लागल्यावर मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’ योजना आली. महाराष्ट्रात 2024 मध्ये महायुतीला लोकसभेच्या 48 पैकी 17 च जागा मिळाल्या आणि निकाल लागला त्याच महिन्याच्या अखेरीस ‘लाडकी बहीण’ जाहीर झाली, महिना 1,500 रुपयांची. योजनेच्या गुणदोषांबद्दल मतभेद असतील. पण पक्ष पैसा आणि शब्द खर्च करतात ते येणाऱ्या मतदारावर, एवढं त्यातून दिसतं.

मतदान न केल्याने देशाच्या सत्तेचं गणित कसं बदलतं, याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण पंजाबचं आहे. 1991 मध्ये दहशतवादाच्या छायेत तिथली निवडणूक ऐनवेळी पुढे ढकलली गेली आणि फेब्रुवारी 1992 मध्ये झाली. बहुतेक अकाली गटांनी बहिष्कार घातला. वर अतिरेक्यांच्या धमक्या होत्याच. 1989 मध्ये जिथे 62 टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिलं होतं, तिथे या वेळी जेमतेम 24 टक्के आले. लोकसभेच्या 13 पैकी 12 जागा काँग्रेसला मिळाल्या, एक बसपला. दिल्लीत नरसिंह रावांचं सरकार तेव्हा अल्पमतात होतं. जुलै 1993 मध्ये त्यांच्यावर अविश्वास ठराव आला आणि 251 विरुद्ध 265 मतांनी फेटाळला गेला. फरक 14 चा. त्या मतदानातली झारखंड मुक्ती मोर्चाची लाचखोरी पुढे गाजली, कोर्टात गेली. पंजाबातल्या 12 जागांचा उल्लेख त्या मानाने क्वचितच होतो. तिथे 1989 सारखं मतदान झालं असतं तर ते सगळे खासदार काँग्रेसचेच असते असं म्हणायला फार धाडस लागेल. त्यातले निम्मे-अधिक जरी विरोधी बाकांवर असते, तरी ठराव वेगळ्या वळणावर गेला असता. बहिष्कार घालणाऱ्यांनी सरकार पाडलं नाही, उलट नकळत ते सावरलं.

नव्वदच्या दशकात याच्या अगदी उलटही घडत होतं. मंडलनंतरच्या राजकारणात दलित, मागास आणि खेड्यातले गरीब मतदार मोठ्या संख्येने केंद्रांवर येऊ लागले. योगेंद्र यादव यांनी याला लोकशाहीतली दुसरी उसळी म्हटलं. अमेरिकेत गरीब मतदार घरी राहतो आणि सुखवस्तू मतदार मत देतो. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. लालूप्रसाद, मुलायमसिंह, कांशीराम-मायावती यांच्या यशामागे जातींची जुळवाजुळव होती हे खरंच, पण ज्यांनी ते यश नाकं मुरडत पाहिलं त्या वर्गाची रांगेतली गैरहजेरीही होती.

त्या गैरहजेरीचा चेहरा पाहायचा तर 2009 ची मुंबई पाहावी. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर गेटवेजवळ हजारो लोक जमले, राजकारण्यांवर संतापले. पाच महिन्यांनी, 30 एप्रिलला, गुरुवारी मतदान होतं. शुक्रवारी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. दक्षिण मुंबईत मतदान झालं 40 टक्क्यांच्या आसपास. याच संतापातून अपक्ष उभ्या राहिलेल्या बँकर मीरा सन्याल यांना सुमारे 10 हजार मतं पडली. शहरातल्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेल्या. मनसेने युतीची मतं खाल्ली, हे तेव्हापासून सगळे सांगतात आणि ते चूक नाही. ईशान्य मुंबईत किरीट सोमय्या तीन हजारांहून कमी मतांनी पडले. पण निम्म्याहून अधिक मतदारांनी मतच दिलं नाही, त्यांच्या नावाने मात्र कुणी खडे फोडले नाहीत. मुंबईचे खासदार सहा ते सहाच राहतात, मतदान 40 टक्के होवो की 70. घरी राहिलेल्याचं वजन शेजाऱ्याच्या मताला मिळतं, एवढाच फरक. 2024 मध्ये नक्षलग्रस्त गडचिरोली-चिमूरने 72 टक्क्यांच्या घरात मतदान केलं; दक्षिण मुंबई 50 वर अडकली.

ही गैरहजेरी नेहमी आपोआप घडते असंही नाही. मतदानाच्या दिवशी दुपारी तीननंतर केंद्राबाहेरच्या टेबलावर जाऊन उभं राहावं. कार्यकर्त्यांसमोर यादी असते, आलेल्या नावांवर खुणा झालेल्या असतात. ‘त्या चाळीत अजून कोण राहिलं? आजींना रिक्षा पाठव. तो नको, तो त्यांचा आहे, झोपू दे त्याला.’ आपला मतदार बाहेर काढायचा आणि समोरच्याचा निजलेला ठेवायचा, हीच त्या दोन-तीन तासांतली खरी लढाई. त्या टेबलावर ज्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं, त्याच्या दारी कुणी जात नाही: नव्याने भाड्याने आलेलं कुटुंब, वसतिगृहातला विद्यार्थी, गावाकडे नाव असलेला मजूर.

म्हणून न येणाऱ्या सगळ्यांना आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. 2014 मध्ये पुण्यात कितीतरी लोक ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेले आणि नाव यादीत नाही म्हणून परतले; निवडणूक आयुक्तांना माफी मागावी लागली. स्थलांतरितांना आहेत तिथून मत देता यावं यासाठी आयोगाने जानेवारी 2023 मध्ये यंत्राचा प्रस्ताव पक्षांपुढे मांडला. विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि विषय मागे पडला. यादीत मेलेले आणि पत्ता बदललेलेही असतात, त्यामुळे टक्केवारी मुळातच थोडी कमी दिसते. उलट नावं छाटली की ती चढते. बिहारमध्ये 2025 साली मसुदा यादीतून सुमारे 65 लाख नावं गेली. त्यानंतरच्या विधानसभेच्या विक्रमी टक्केवारीकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं.

2024 मध्ये वायव्य मुंबईत रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा 48 मतांनी जिंकले. यंत्रांवरच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांनी पारडं फिरवलं. ‘नोटा’ला तिथे 15 हजारांहून अधिक मतं होती आणि मतदान न करणारे सात लाखांवर. त्या सात लाखांनी कुणाला निवडलं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. देशभरात त्या वर्षी सुमारे 33 कोटी मतदार आले नाहीत. भाजपला मिळालेली मतं साडेतेवीस कोटींच्या आसपास होती. दोन आकडे शेजारी ठेवून हळहळणं सोपं आहे. पण हे 33 कोटी एका विचाराचे नाहीत, म्हणून त्यांची बेरीज करून काही हाती लागत नाही. त्यात किती जण सुट्टीवर गेले, किती जणांची नावं गळाली, किती जण शेकडो किलोमीटर दूर कामावर होते, हे वेगवेगळं मोजायला हवं. पहिल्यांना समजवावं लागेल, दुसऱ्यांसाठी यादी दुरुस्त करावी लागेल आणि तिसऱ्यांसाठी कायदा बदलावा लागेल. तिघांना एकच ‘मतदान करा’चा फलक दाखवत राहिलो, तर टेबलावरचे कार्यकर्तेच ठरवत राहणार की रांगेत कोण येणार.