विजेची सायकल आणि शाळकरी मुले

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्याचा दक्षिण भाग बालाघाटाच्या डोंगररांगांत येतो. राणीसावरगाव ह्याच भागात वसले आहे. अशा चढउताराच्या प्रदेशात वाडी-तांड्यावरून शाळेस येणाऱ्या मुलास सायकल ही मोठीच सोय होय. त्या सायकलीस बॅटरी व मोटार जोडल्याने चढावरचे श्रम वाचतात. परंतु श्रमांबरोबर वेगाचा अंदाजही सुटतो, आणि अपघाताचे मूळ तेथेच असते. याकरिता अशी सायकल मुलाच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

सायकल कोणती, मोटार कोणती?

दुकानदार जिला सायकल म्हणतो ती कायद्यानेही सायकल असतेच असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये सायकलीस साहाय्यक म्हणून बसविलेल्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी लागते. ही शक्ती सुमारे एक तृतीयांश अश्वशक्ती, म्हणजे तीन अश्वशक्तीच्या विहिरीवरील पंपाच्या नवव्या हिश्शाइतकी होय. ताशी २५ किलोमीटर वेग होताच, अथवा त्याआधी पायडल मारणे थांबताच, मोटारीचे साहाय्य बंद झाले पाहिजे. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तकही आवश्यक आहे. ह्या मर्यादेतील सायकलीस नोंदणी वा वाहन परवाना लागत नाही.

मर्यादेपलीकडील वाहन मात्र मोटार वाहन ठरते. कारागिराकडून वेगाची मर्यादा काढून घेतल्यास चांगली सायकलही ह्याच वर्गात जाते. असे वाहन परवान्याविना चालवून अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडल्यास, २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यान्वये पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा खरेदीच्या वेळी मोटारीची शक्ती व कमाल वेग पावतीवर लिहून घ्यावेत.

वेगाचा हिशेब

ताशी १२ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे साडेतीन मीटर जाते. ताशी २५ किलोमीटर वेगाने ती सुमारे सात मीटर जाते. समोर बैल आडवा आल्याचे ध्यानी येऊन हात ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर पहिली सायकल सुमारे पाच मीटरांत, तर दुसरी सुमारे तेरा मीटरांत थांबते. खडीवर किंवा काळ्या मातीच्या चिखलावर हे अंतर आणखी वाढते. जुन्याच सायकलीस मोटार बसविणाऱ्यांनी म्हणून आधी ब्रेक सुधारून घ्यावेत. ब्रेक दाबताच मोटार बंद करणारी मूठ असल्यास उत्तम.

चालविणाऱ्याने पाळावयाचे नियम

१. दोन्ही पाय जमिनीस टेकतील अशाच उंचीची सायकल घ्यावी. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात सराव करावा.

२. अशा सायकलीस कायद्याची सक्ती नसली तरी शिरस्त्राण घालावे व त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधावा.

३. निघण्यापूर्वी ब्रेक, हवा, घंटी व दिवा तपासावा.

४. रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक जावे. दुसऱ्यास मागे बसवू नये. वैरणीचा भारा किंवा औषधाचा डबा मुठीस लटकवू नये.

५. ही सायकल आवाज करीत नाही. गुरे, वृद्ध व लहान मुले दिसताच वेग कमी करून घंटी वाजवावी.

६. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे अंतर ठेवावे. ट्रॉली व रस्त्याची कड यांमधून पुढे घुसू नये. ट्रॉली धरून जाणे तर जिवावरचा खेळ होय.

७. उतारावर वळणाच्या आधीच वेग कमी करावा. चालविताना मोबाईल वापरू नये.

बॅटरीची निगा

परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातून आलेली बॅटरी सावलीत निवू द्यावी व नंतरच चार्जिंगला लावावी. उत्पादकाने दिलेलाच चार्जर वापरावा. वेचणीनंतर पुष्कळ घरांत कापूस साठविलेला असतो. कापूस, कडबा, खताची पोती किंवा अंथरूण यांजवळ बॅटरी कदापि चार्ज करू नये. सर्व झोपल्यावर ती रात्रभर लावून ठेवू नये. फुगलेली, गळणारी किंवा फार तापणारी बॅटरी तत्काळ वापरातून काढावी व विक्रेत्याकडे परत द्यावी; ती घरी उघडू नये.

गावाने करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळा सुरू होताना मुख्याध्यापकांच्या साहाय्याने एक दिवस सायकल तपासणीसाठी ठेवावा. ब्रेक व परावर्तक पाहावेत आणि थांबण्याचे अंतर मैदानावर फक्कीने आखून मुलांना दाखवावे. अपघात घडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे, हेही गावकऱ्यांस सांगावे.

विजेची सायकल दूरच्या वस्तीवरील मुलामुलींना शाळा जवळ आणून देऊ शकते. वेग आवरण्याची सवय मुलास आधी लागावी, सायकल त्यानंतर त्याच्या हाती यावी, हेच श्रेयस्कर होय.